लिफ्टनंतर जिम्नी हायवेवर डुलायली. कॅस्टर कुठनं परत आणायचा?

चोर्लावाला२२

नमस्कार मंडळी. गाडी पाच दारांची जिम्नी, २०२३ ची, केए-२२, म्हणजे बेळगावची. कणकुंबीच्या अलीकडे आमचं काजूचं रान आहे. जांबोटी सोडल्यावर आतला तीन किलोमीटरचा रस्ता म्हणजे ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या आणि मध्ये जांभ्याची वरवंट्यासारखी कूस. पावसाळ्यात गाडीचं पोट तिथं घासायचं, म्हणून डिसेंबरात उंच स्प्रिंगा आणि लांब शॉकअप टाकले. स्प्रिंगवाल्याने २ इंच म्हणून दिलं होतं, टेपने मोजलं तर पुढे ४५ मिमी भरलं. टायर १९५/८० काढून २१५/७५ आर १५ घातले.

रानात गाडी झकास चालते. रडगाणं डांबरावरचं आहे. निपाणीकडे जाताना ८० च्या वर स्टेअरिंग पोहायला लागतं. सरळ रस्त्यावरही हात सारखे इकडेतिकडे करावे लागतात. वळण घेतल्यावर स्टेअरिंग आपणहून सरळ होत नाही, ओढून आणावं लागतं. सरळ जाताना स्टेअरिंगच्या चक्राची दांडी दहा वाजल्यागत तिरकी असते. हत्तरगीच्या पुढे एका खड्ड्यात डावं चाक गेलं आणि चार-पाच सेकंद पुढचं सगळं असं थरथरलं, की बायकोने देवाचं नाव घेतलं.

दोन ठिकाणी अलाइनमेंट करून झालं. दोघांचंही एकच, “टो (वरून बघताना चाकांची तोंडं आत-बाहेर किती ते) बरोबर आहे, लिफ्ट केलीय म्हणून असंच राहणार.” खरंच असंच राहणार काय? स्प्रिंगा काढून जुन्या घालू?

डांबरप्रेमी

स्टेअरिंग डॅम्पर घाल की जाडजूड. माझ्या मित्राने घातला, थरथर बंद.

लेथ_उद्यमबाग

डॅम्पर म्हणजे तापावर गोधडी. थरथर दाबून टाकतो, कारण तसंच आत राहतं. आधी ऐकून घे, मग खर्च कर.

शाळेत असताना हात सोडून सायकल चालवली असशील. ती का चालते? पुढचा चिमटा मागे रेललेला असतो म्हणून. चाक जिथं जमिनीला टेकतं तो बिंदू, चिमट्याची रेघ खाली वाढवली तर जिथं टेकेल त्याच्या मागे राहतो. त्यामुळे चाक मागनं ओढल्यागत आपोआप सरळ होतं. गाडीत चिमट्याच्या जागी किंगपिनची, म्हणजे पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं तिची रेघ. ती रेघ किती रेललीय तो कोन म्हणजे कॅस्टर. तिचं वरचं टोक मागे रेललेलं असलं की कॅस्टर प्लस.

आता तुझ्या जिम्नीचा पुढचा अॅक्सल म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारं सलग एकच लोखंडी हौसिंग आहे. दोन आर्म त्याला धरून मागे चेसीला जातात. गाडी उचललीस म्हणजे चेसी वर गेली, अॅक्सल होता तिथंच राहिला. आर्मचं मागचं टोक चेसीबरोबर वर, पुढचं टोक त्या मानाने खाली. आर्म तिरकी झाली की तिच्याबरोबर हौसिंगही तेवढंच फिरतं, नाक खाली घालून. किंगपिनचा वरचा भाग पुढे आला, कॅस्टर गेला.

किती गेला त्याचा हिशेब पाटीवर मांडता येतो. आर्मची लांबी, चेसीच्या बुशपासून (आर्म जिथं बसते ती रबरी गादी) अॅक्सलच्या मध्यापर्यंत, समजा ८०० मिमी. ४५ भागिले ८०० म्हणजे ०.०५६, त्याला ५७.३ ने गुण. साधारण ३.२ अंश. जिम्नीसारख्या गाडीत मुळातच कॅस्टर भरपूर नसतो, त्यातनं तीन अंश गेले तर उरलं काय?

अलाइनमेंटवाल्यांनी टो बघितला. सलग अॅक्सलवर टो लिफ्टने बिघडतच नाही, टायरॉड एका चाकाकडून थेट दुसऱ्या चाकाकडे गेलेला असतो. न बिघडलेली गोष्ट त्यांनी दोनदा तपासली.

चोर्लावाला२२

लेथ अण्णा, आता डोक्यात शिरलं. पण चक्र तिरकं का?

लेथ_उद्यमबाग

ते लॅटरल रॉड (अॅक्सलला आडवं धरणारा) आणि ड्रॅगलिंकचं (स्टेअरिंगचा फिरवा चाकापर्यंत नेणारी दांडी) काम. उद्या सपाट जमीन हुडक, ओळंबा घे आणि फेंडरच्या कडेपासून टायरच्या बाहेरच्या भिंतीपर्यंत दोन्हीकडचं अंतर मोज. मग बोलू.

पाटेवाला_५४०

मध्ये घुसतो. माझी एमएम ५४०, महिंद्राची जुनी जीप, पुढे-मागे पाटे. आमच्यात आर्म नाही, बुश नाही, हौसिंग आणि पाट्याच्या मध्ये पाचर घातली की कॅस्टर आला. अडीच अंशाची लोखंडी पाचर, लांब सेंटर बोल्ट, नवे यू बोल्ट. बास. अॅल्युमिनियमची पाचर घेऊ नका, माझी जांबोटी रस्त्यावर चुरा होऊन निघाली.

सह्याद्री_फोर

पाचरेची जाड बाजू पुढे की मागे, ते पण सांगा की ओ. लोक उलटी घालतात.

पाटेवाला_५४०

अॅक्सल पाट्याच्या वर बसलेला असेल, माझ्यासारखा, तर जाड बाजू पुढे. पाटे अॅक्सलच्या वर चढवले असतील तर जाड बाजू मागे. एकच ध्यानात ठेवायचं, हौसिंगचा वरचा भाग मागे रेलला पाहिजे. आणि जीपला नुसते लांब शॅकल (पाट्याचं टोक चेसीला लटकवणाऱ्या पट्ट्या) घालून पुढनं उचलणारे आहेत त्यांना सांगतो, शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला आहे, ते टोक खाली गेलं की कॅस्टर कमीच होतो. यू बोल्ट दोन-तीनशे किलोमीटरनंतर परत आवळा.

थार_तिलकवाडी

माझी २०२० नंतरची थार. मलाही हेच सगळं लागू?

लेथ_उद्यमबाग

नाही. तुझ्यात पुढे प्रत्येक चाकाला स्वतंत्र विशबोन आहेत. उचललीस की कॅम्बर (समोरून बघताना चाक किती कललंय ते) आणि टो दोन्ही हलतात, बॉल जॉइंट आणि आतल्या शाफ्टच्या जॉइंटचा कोन वाढतो, वरची आर्म बदलण्यापर्यंत गोष्ट जाते. वेगळा धागा काढ. इथं मिसळलंस तर दोघांचीही खिचडी होईल.

चोर्लावाला२२

मोजून आलो. सपाट जमीन हुडकण्यात अर्धा दिवस गेला. आमच्या गल्लीत सपाट म्हणून जी फरशी होती ती वडगावच्या मेस्त्रींनी पाण्याची नळी लावून बघितली, चार चाकांत १८ मिमीचा फरक! शेवटी ओळखीच्या एका मंगल कार्यालयाच्या पार्किंगमध्ये शहाबादी फरशीवर उभी केली. तिथं नळीतलं पाणी चारही चाकांपाशी एका रेघेत आलं. मेस्त्रींचा पितळी ओळंबा फेंडरला चिकटपट्टीने लटकवला. वाऱ्याने डुलायला लागला, म्हणून त्यांनी तो खाली पाण्याच्या तांब्यात बुडवला. एका मिनिटात सुतासारखा स्थिर. हे मला कधी सुचलं नसतं.

डावीकडे फेंडर टायरच्या बाहेर ३१ मिमी, उजवीकडे १९. म्हणजे अॅक्सल ड्रायव्हरच्या बाजूला १२ मिमी सरकलाय.

लेथ_उद्यमबाग

१२ नव्हे, ६. एकीकडनं ६ वाढले, दुसरीकडनं ६ कमी झाले. फरकाचा निम्मा धरायचा. तांब्याची युक्ती मात्र झकास, मेस्त्रींना नमस्कार सांग.

सहा मिमी जवळपास हिशेबात बसतात. लॅटरल रॉड एका टोकाला चेसीला, दुसऱ्या टोकाला अॅक्सलला. समजा ८५० मिमी लांब आणि आधी दोन टोकांच्या उंचीत ६० मिमीचा फरक. तेव्हा आडवं माप साधारण ८४८. गाडी ४५ ने उचलली, फरक १०५ झाला, आडवं माप ८४३ आणि थोडं, म्हणजे साडेचारेक मिमी कमी. रॉड तर लांब होत नाही, म्हणून अॅक्सलच चेसीच्या टोकाकडे ओढला गेला. तो परत ढकलायला लांबी जुळवता येणारा रॉड लागतो.

ड्रॅगलिंक पण तशीच उभट झाली, म्हणून तुझं चक्र तिरकं. पण चक्र आत्ता सरळ करू नकोस. रॉड जुळवल्यावर ते परत फिरणार. क्रम असा ठेव, आधी अॅक्सल मध्ये, मग कॅस्टर, मग टो आणि सगळ्यात शेवटी ड्रॅगलिंकच्या बाहीने चक्र. ही दोन कांडं, लॅटरल रॉड आणि ड्रॅगलिंक, पुढनं बघताना एकमेकांना समांतर दिसली पाहिजेत. नसली तर प्रत्येक उसळीला गाडी आपणहून वळते. काही लोक रॉडचं अॅक्सलवरचं टोक उंच ब्रॅकेटवर चढवतात आणि ड्रॅगलिंक तिथंच ठेवतात. ते अर्धं काम फार वाईट.

खानापूर_जंगल

चक्र तिरकं ठेवून फिरू पण नकोस बरं. आताच्या गाड्यांत ईएसपी (घसरताना एकेका चाकाला ब्रेक लावून गाडी सावरणारी यंत्रणा) असतो, त्याचा सेन्सर चक्राचा कोन वाचतो. गाडी सरळ जाताना चक्र तिरकं असलं की त्याला वाटतं वळण चाललंय. कणकुंबीच्या पावसात त्याने मध्येच एखादं चाक धरलं तर पंचाईत. काम झाल्यावर स्कॅनर लावून सेन्सरचं शून्य परत शिकवून घे.

चोर्लावाला२२

तिसऱ्या ठिकाणी गेलो. कॅस्टर मोजा म्हणालो तर पोरगा म्हणतो, “त्यात अॅडजस्टमेंटच नाही सर, मोजून काय करणार?” हट्ट धरला. मग त्याने चाकं फिरणाऱ्या पाटांवर घेतली, २० अंश डावीकडे, २० अंश उजवीकडे फिरवली आणि पडद्यावर आकडा आला. डावा ०.१, उजवा मायनस ०.२. कागद फोटोत टाकलाय.

डांबरप्रेमी

डावा-उजवा वेगळा! हौसिंग वाकलंय बहुतेक.

लेथ_उद्यमबाग

०.३ अंशावर हौसिंग भंगारात काढू नका राव. एकाच हौसिंगच्या दोन टोकांना वेगळा कॅस्टर यायचा तर ते पिळवटलेलं पाहिजे, आणि तसं असतं तर फरक मोठा दिसला असता. एवढा फरक चाक फिरवताना ब्रेक नीट दाबून न धरल्यानेही येतो. मुद्दा एवढाच, की कॅस्टर शून्यावर आहे. तुझं स्टेअरिंग परत का येत नाही त्याचं उत्तर त्या कागदावर आहे.

थरथरीबद्दल मात्र कॅस्टरवर सगळं ढकलू नकोस. तीन गोष्टी बघ. टायर बॅलन्सिंग. लॅटरल रॉडचे बुश आणि त्याच्या बोल्टाची भोकं, भोक अंड्यासारखं झालेलं असेल तर कितीही आवळ. तिसरी, किंगपिनची बेअरिंगं. टायरॉड सोडून चाकाकडचं नकल, म्हणजे चाकासकट वळणारा भाग, हाताने फिरवून बघ. भिंगरीसारखं सैल फिरलं तर बेअरिंगाचा ताण गेलाय, शिम (पातळ चकत्या) काढून परत आणावा लागेल. लोक कॅस्टर सहा-सात अंशांवर नेऊन ठेवतात आणि मग थरथर उलट वाढली म्हणून रडतात, असंही होतं.

अथणी_काळीमाती

आमच्याकडे काळी माती, पहिल्या पावसात लिफ्टवाली आणि बिनलिफ्टवाली दोन्ही शेजारी-शेजारी रुततात. हे सगळं वाचून मी लिफ्ट रद्द केली, टायर घेणार आहे. चालू द्या.

चोर्लावाला२२

बॅलन्सिंगमध्ये एका चाकात ३५ ग्रॅमचा फरक निघाला. रॉडचे बुश ठीक, भोकं गोल. नकल हाताला बऱ्यापैकी घट्ट लागलं. आता कॅस्टरसाठी काय घेऊ? बाजारात तीन प्रकार दिसायलेत. ऑफसेट बुश (भोक मध्यावर नसलेले), चेसीकडचं टोक खाली आणणारी ब्रॅकेट आणि पुऱ्या नव्या वाकवलेल्या आर्म.

लेथ_उद्यमबाग

तुझी आहे तीच आर्म तापवून वाकवून देतो म्हणणारे पण भेटतील, इथंच भेटतील. त्यांना चहा पाज आणि परत ये. तापवलेल्या, वेल्डिंग केलेल्या आर्मवर मी माझी पोरं बसवणार नाही. ब्रेक मारल्यावर पुढच्या अॅक्सलचा सगळा पीळ त्या दोन आर्मवर येतो.

ब्रॅकेट तत्त्वाने सगळ्यात चांगली. आर्मचा मूळचा तिरपेपणाच परत येतो, त्यामुळे कॅस्टरही येतो, खड्ड्यात चाक मऊ चालतं. पण ती चेसीच्या खाली लोंबते. तुझ्या रानातल्या जांभ्याच्या कुशीसाठीच तू गाडी उचललीस, आणि त्या कुशीवर आपटायला नवीन लोखंड खाली सोडणार?

नव्या आर्म चांगल्या, खिशाला जड.

तुझ्या ४५ मिमीला बुश पुरे. हिशेब सांगतो. आर्मच्या पुढच्या टोकाला अॅक्सलच्या अलीकडे एक बुश, पलीकडे एक. दोन बोल्टांत समजा १६० मिमी अंतर. पुढच्या बुशचं भोक मध्यापासून ४ मिमी वर, मागच्याचं ४ मिमी खाली. एकूण ८ भागिले १६०, म्हणजे साधारण २.९ अंश. रबराचे मिळाले तर रबराचे घे. पॉलीयुरेथेनचे कडक असतात. या जातीच्या सस्पेन्शनमध्ये एक चाक वर, एक खाली गेलं की तोच बुश पिळतो. कडक घातलास तर आडव्यातिडव्या जागी चाक लवकर हवेत उचलेल.

सह्याद्री_फोर

फुकट काहीच मिळत नाही, ते पण सांगा. पिनियन.

लेथ_उद्यमबाग

सांगणारच होतो. हौसिंग मागे रेललं की त्याच्या मागे निघालेलं पिनियनचं नाक, जिथं प्रॉपेलर शाफ्ट जोडतो ते, खाली जातं. गाडी उचलल्यामुळे पुढचा प्रॉपेलर शाफ्ट आधीच उभट, आता क्रॉसचा, म्हणजे शाफ्टच्या टोकाच्या सांध्याचा कोन आणखी वाढणार. म्हणून कॅस्टर पुरेसा घ्यायचा, हावरटासारखा नाही. अडीच ते तीनच्या आसपास थांब. काम झाल्यावर मातीच्या सरळ रस्त्यावर फोर-हायमध्ये (चारही चाकांना ताकद) ५० पर्यंत ने. टू-हायमध्ये शांत आणि फोर-हायमध्ये घूं घूं आली तर शाफ्टच्या कोनाकडे बघ. डांबरावर फोर-हाय लावून बघू नकोस, तिथं गाडी कशानेही कुरकुरते.

निपाणीकर

एक कायद्याचं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेत फेरफार करू देत नाही, जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही त्यावर कडक निकाल दिला. आपण रोज कर्नाटक-महाराष्ट्र-गोवा करणारी माणसं, तीन राज्यांत कुणी ना कुणी हात दाखवणारच. अपघात झाला तर विमा कंपनी आधी स्प्रिंगा मोजेल. करणाऱ्याने माहीत असून करावं. आणि लिफ्टनंतर हेडलाइट खाली केलेत काय? तवंदी घाटात समोरून येणारे तुमच्यासारख्यांनाच शिव्या देतात.

चोर्लावाला२२

हेडलाइटचं खरंच राहिलं होतं. काल भिंतीसमोर उभी करून खाली केले.

बुश आले. शनिवारी उद्यमबागेतल्या एका प्रेसवर जुने काढून नवे बसवले. आर्मवर खडूने आडवी रेघ मारून बसवायचे होते. तीन बुश बरोबर बसले. चौथा आत जाताना थोडा फिरला, रेघेपासून बोटभर. प्रेसवाला म्हणाला, “चलता है.” मी पण दमलेलो, चार वाजले होते, पोटात सकाळच्या चहाशिवाय काही नव्हतं. म्हटलं असू दे.

रविवारी गल्लीतनं बाहेर निघेपर्यंत डावीकडनं चूं चूं. प्रत्येक गतिरोधकाला चूं. गाडी सरळ जायली, स्टेअरिंग परत यायलं, पण पुढनं लग्नाच्या बँडमधली सनई.

लेथ_उद्यमबाग

बोटभर म्हणजे त्या बुशचं भोक वर असायचं ते तिरकं झालं. हौसिंग एकच, ते दोन्ही आर्मना सारखंच वळायला लावणार. डाव्या आर्मला जायचं एकीकडे, उजव्या आर्मला दुसरीकडे, आणि मध्ये पिळतो बिचारा रबर. कॅस्टर दिसायला बरोबर येईल, बुश सहा महिन्यांत फाटेल. काढ आणि परत बसव.

आणि खरं सांग, बोल्ट कधी आवळलेस? गाडी जॅकवर लटकत असताना?

चोर्लावाला२२

होय.

लेथ_उद्यमबाग

वाटलंच. रबरी बुशची आतली नळी बोल्टाबरोबर गच्च होते, फिरतो फक्त रबर. चाकं लोंबत असताना आवळलंस म्हणजे त्या स्थितीत रबर मोकळा. गाडी खाली घेतलीस की कायमचा पिळलेला. बोल्ट नुसते घालून ठेवायचे, गाडी जमिनीवर घ्यायची, बंपरवर दोघांनी चार वेळा दाबून उसळी द्यायची, आणि गाडी आपल्या उंचीला स्थिरावल्यावर खाली झोपून आवळायचे. लॅटरल रॉडचे पण तसेच. झोपल्याझोपल्या ब्रेकचा पाइप आणि एबीएसची वायर बघ, चाक पुरतं लोंबल्यावर ताणत नाही ना.

चोर्लावाला२२

दोन आठवड्यांनी लिहायलोय. चौथा बुश काढताना कापावाच लागला, एकच सुटा मिळेना, पुरा सेट परत घेतला. तो खर्च माझ्या आळसाच्या खात्यावर. या वेळी खडूऐवजी पंच मारून खूण केली, बुशवर एक ठिपका, आर्मवर एक. बोल्ट जमिनीवर आवळले. लॅटरल रॉड अर्ध्या-अर्ध्या आट्याने लांब करत ओळंबा दोन्हीकडे २५ वर आणला. डाव्या पुढच्या चाकाजवळ एबीएसची वायर खरंच ताणत होती, तिची एक क्लिप खाली घेतली.

त्याच अलाइनमेंटवाल्याकडे गेलो. डावा २.८, उजवा २.६. तो पोरगा कागद बघून म्हणाला, “सर, यात अॅडजस्टमेंट नव्हती ना?” चक्र सरळ केलं, सेन्सरचं शून्य शिकवून घेतलं.

काल निपाणीला जाऊन आलो. ९० ला एका हाताने धरून नेली. हत्तरगीच्या पुढचा तो खड्डा अजून तसाच आहे, मुद्दाम त्यातनं घातली. एकदा धाडकन् आवाज झाला आणि गाडी पुढे गेली, बास. रानातल्या रस्त्यावर फोर-हायमध्ये ५० ला अगदी बारीक घूं आहे, पायाला कळते, कानाला नाही. आधी होती की नाही, देव जाणे.

लेथ_उद्यमबाग

बारीक असू दे. हजारेक किलोमीटरने क्रॉसला ग्रीस मार आणि हाताने खेळवून बघ. वाढली तर ये.

पाटेवाला_५४०

अभिनंदन. आमचं पाचरेवर भागलं असतं, एवढंच म्हणतो.

वडगाव_गल्ली३

मेस्त्री माझे मामा. ओळंबा अजून तुझ्या डिकीत आहे, असं त्यांचं म्हणणं आहे. सोमवारी त्यांचा स्लॅब आहे.

चोर्लावाला२२

आहे. आत्ता निघालो. तांब्या पण त्यांचाच आहे काय?